क्रेफिशची अंडी आईपासून सोडवताना

युरोपातल्या क्रेफिशची मादी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंडी घालते आणि त्यातून पिल्लं बाहेर पडतात ती थेट पुढच्या जून-जुलैत. मधले सात-आठ महिने ती अंडी पोटाखाली घेऊनच वावरते. वर तळं गोठतं, तळाशी पाणी चार अंशांवर येतं, खायला फारसं काही मिळत नाही, तरी ती अंडी सोडत नाही. बरं, अंडी तरी किती? युरोपच्या मूळच्या नोबल क्रेफिशची साधारण शंभर ते दोनशे, उत्तर अमेरिकेतून तिकडे गेलेल्या सिग्नल क्रेफिशची त्याहून थोडी जास्त. आपल्याकडे गोड्या पाण्यात वाढवतात त्या जंबो कोळंबीची चांगली पोसलेली मादी एका खेपेला ऐंशी हजार ते लाखभर अंडी घालू शकते आणि तीनेक आठवड्यांत मोकळी होते. तिथे दहा टक्के अंडी वाया गेली तरी हॅचरीवाला निभावून नेतो. क्रेफिशच्या बाबतीत मात्र एकेक अंडं मोजून घ्यावं लागतं.

म्हणूनच १९७० च्या दशकापासून युरोपातल्या संशोधकांनी आणि क्रेफिश पाळणाऱ्यांनी एक प्रश्न लावून धरला. ही अंडी आईकडून काढून घेता येतील का? काही दिवस साठवता, दूरच्या तळ्यावर पाठवता आणि आईवाचून उबवता येतील का? उत्तर होकारार्थी आलं. पण ते शोधताना आई त्या सात-आठ महिन्यांत नेमकं काय काय करते याचा जो उलगडा झाला, तो मला उत्तरापेक्षाही मोलाचा वाटतो. पाण्याचं तापमान राखणं हा अंडी उबवण्यातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड आहे ती सफाई.

क्रेफिश हा गोड्या पाण्यातला कवचधारी प्राणी. दोन जाड नांग्या, लांबट अंग, शेवटी पंख्यासारखी शेपटी; लॉब्स्टरचा जवळचा नातलग. भारतात तो मुळात नाही. पण पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओढ्यांवर खेकडे धरणाऱ्यांना त्याच्या संसारातली एक गोष्ट नवी वाटणार नाही. आपल्या ओढ्यातल्या खेकड्याची मादीही पोटावरच्या पट्टीखाली अंडी धरते, आणि ती पट्टी उघडून पाहिली तर कधी कधी अंड्यांच्या जागी इवले इवले खेकडेच वळवळताना दिसतात. समुद्रातल्या चिंबोरीचं तसं नसतं. तिच्या अंड्यातून निघते ती सूक्ष्म अळी, आणि ती पाण्याबरोबर तरंगत निघून जाते. ओढ्यात अशी तरंगती अळी टिकणार नाही, पहिल्याच लोंढ्याबरोबर वाहून जाईल. त्यामुळे घाटातला खेकडा काय किंवा क्रेफिश काय, दोघांचीही अळीपणाची सगळी अवस्था अंड्याच्या आतच पार पडते आणि बाहेर पडतं ते घडलेलं पिल्लू. त्यासाठी अंडं मोठं हवं, त्यात बलक भरपूर हवा आणि दिवसही जास्त हवेत. मग अंड्यांची संख्या कमीच राहणार. जंबो कोळंबी याच्या उलट वाटेने गेलेली आहे: अंडी ढीगभर, पण पिल्लांना पहिले काही आठवडे मचूळ पाणी लागतं.

अंडी पोटाखाली लागतात कशी, हे जवळून पाहण्यासारखं आहे. अंडी घालायच्या आधी मादीच्या शेपटाच्या खालच्या बाजूला पांढरट पट्टे उमटतात. चिकट द्रव तयार करणाऱ्या त्या ग्रंथी. हे पट्टे दिसले की मादी अंड्यावर आली हे हॅचरीतले लोक ओळखतात. नराने त्याआधीच तिच्या छातीखाली शुक्रजंतूंच्या पांढऱ्या पुड्या चिकटवून ठेवलेल्या असतात. वेळ आली की मादी शेपूट पोटाकडे वळवून खोलगट पिशवी करते आणि ती चिकट द्रवाने भरते. चालायच्या पायांच्या बुडाशी असलेल्या छिद्रांतून अंडी बाहेर येतात, त्या पुड्या विरघळतात आणि अंडी पिशवीतच फळतात. पुढे तो द्रव हळूहळू निघून जातो. शेपटाखाली वल्ह्यांसारख्या छोट्या पायांच्या जोड्या असतात. त्यांच्या केसांना प्रत्येक अंडं एका बारीक देठाने लटकून राहतं. अंडं अडीच-तीन मिलिमीटरचं, बारीक साबुदाण्याएवढं, रंगाने काळपट. हा देठ चिवट असतो. मादी दगडाखाली शिरली, दुसऱ्या क्रेफिशशी झोंबली, शेपूट झटकून मागे पळाली, तरी तो सहसा तुटत नाही.

आता आईचं काम. ती शेपटाखालचे ते छोटे पाय एका लयीत पुढे-मागे हलवत राहते, त्यामुळे अंड्यांच्या घोसातून ताजं पाणी खेळतं. याचं महत्त्व समजायचं तर पाण्यातल्या प्राणवायूचा हिशेब पाहावा लागतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. दहा अंशांच्या एक लिटर गोड्या पाण्यात, ते हवेने पूर्ण संपृक्त झालेलं असलं तरी, जेमतेम आठ मिलिलिटर. शिवाय साचलेल्या पाण्यात प्राणवायू स्वतःहून पसरतो तो हवेच्या तुलनेत हजारो पटींनी सावकाश. घोसाच्या मधोमध असलेल्या अंड्याभोवतीचं पाणी हललं नाही तर ते अंडं आपल्याच भोवतीचा प्राणवायू संपवून गुदमरतं. बाहेरच्या कडेची अंडी त्याच वेळी अगदी ठणठणीत असतात.

दुसरं काम निवडण्याचं. चालायच्या पायांची शेवटची जोडी मादी मागे वळवून अंड्यांमध्ये घालते, त्यांच्यावर बसलेला गाळ झाडते, मेलेली अंडी खुडून टाकते. शे-दीडशे अंड्यांत काही फळलेलीच नसतात, काही मध्येच मरतात. मेलेलं अंडं काळपट राहत नाही, ते नारिंगी किंवा फिकट आणि अपारदर्शक दिसू लागतं. दोन-चार दिवसांत त्याच्यावर कापसासारखे तंतू येतात. ही सॅप्रोलेग्निया नावाची पाणबुरशी. बुरशी म्हणण्याची पद्धत असली तरी शास्त्रीय वर्गीकरणात ती खऱ्या बुरशीत मोडत नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांच्या तोंडचं पाणी पळवणारा डाऊनी मिल्ड्यू ज्या गटातला, त्याच गटातली ती आहे. मेलेल्या अंड्यावर ती आधी बसते. तिथे पोसली की तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्याला वेढतात, त्याचा प्राणवायू अडवतात, आणि तेही मरतं. एका मेलेल्या अंड्यापासून सुरू झालेली ही साथ आठवड्याभरात अख्खा ट्रे संपवू शकते. आईच्या पोटाखाली सहसा असं होत नाही, कारण ती निवडत असते. आई मेली तर मात्र सगळा घोस हातचा जातो.

इतकं सगळं आई चोख करते, तर अंडी तिच्यापासून तोडायची कशाला? कारणं आहेत, आणि ती खरी आहेत. एक म्हणजे जागा. अंड्यांवरच्या माद्या एकत्र ठेवल्या तर भांडतात आणि अंडी गळतात. म्हणून प्रत्येकीला वेगळा कप्पा द्यावा लागतो, तोही अर्धं वर्ष. तेवढ्याच जागेत एक ट्रे हजारो अंडी सांभाळतो. दुसरं कारण उत्तरेकडच्या उन्हाळ्याचं. स्वीडन-फिनलंडमध्ये पिल्लं जुलैत बाहेर पडली तर पाणी पुन्हा थंड व्हायच्या आधी वाढायला त्यांना जेमतेम दोन महिने मिळतात. हॅचरीत वसंतातच पाणी थोडं कोमट करून पिल्लं काही आठवडे आधी मिळवली, तर पहिल्या हिवाळ्याला ती अंगाने मोठी होऊन सामोरी जातात. मोठ्या पिल्लांच्या जगण्याची शक्यता जास्त असते, आणि हा फरक पुढे विक्रीच्या आकाराला पोहोचायला किती वर्षं लागतात यात दिसतो. तिसरं कारण रोगाचं. ते या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी आहे, म्हणून ते सविस्तर सांगायला हवं.

१८५९-६० च्या सुमाराला उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात क्रेफिश अचानक मरू लागले. तिथून ही मरी युरोपभर पसरत गेली. १८९३ मध्ये ती फिनलंडमध्ये शिरली, आणि १९०७ मध्ये फिनलंडहून आलेल्या क्रेफिशच्या मालाबरोबर स्टॉकहोमला पोहोचली. रोगजंतूचं नाव ॲफानोमायसीस ॲस्टासी. सॅप्रोलेग्नियाच्याच गटातला, पण हा जिवंत, धट्ट्याकट्ट्या क्रेफिशच्या कवचातून आत शिरतो. पोहणारे सूक्ष्म बीजाणू पाण्यात सोडतो, आणि एकदा तळ्यात आला की महिन्या-दोन महिन्यांत मूळची अख्खी वस्ती संपवतो. अमेरिकेतले क्रेफिश या रोगाबरोबर हजारो वर्षं राहत आलेले. त्यांचं शरीर जंतूला कवचातच कोंडून ठेवतं. युरोपातल्या जातींना ती ताकद नाही.

स्वीडनमध्ये ऑगस्ट महिना आला की लोक अंगणात कागदी कंदील टांगतात, शेपूचा फुलोरा घालून उकडलेले क्रेफिश परातीतून मांडतात आणि रात्रभर जेवणं चालतात. तिथल्या माणसाला क्रेफिश म्हणजे उन्हाळ्याचा निरोप. तळी रिकामी झाल्यावर त्या देशाने १९६० मध्ये प्रयोग म्हणून आणि १९६९ पासून मोठ्या प्रमाणावर कॅलिफोर्नियातून सिग्नल क्रेफिश आणला. त्याला मरी मारत नाही, एवढं पुरेसं वाटलं. पण मरीने न मरणारा प्राणी ती आयुष्यभर अंगावर वागवतो आणि दुसऱ्यांना देतो, हे पुढे स्पष्ट होत गेलं. सिग्नल जिथे पोहोचला तिथे बहुतेक ठिकाणी उरलेला नोबल क्रेफिश नाहीसा झाला. तुर्कस्तान १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला हजारो टन क्रेफिश युरोपला निर्यात करत असे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या तळ्यांत मरी आली आणि तो व्यापार कोसळला. २०१६ मध्ये युरोपीय संघाने सिग्नल क्रेफिशला उपद्रवी परक्या जातींच्या यादीत टाकलं. मला हा सगळा इतिहास अत्यंत क्लेशदायक वाटतो, कारण यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. लोकांना आपली तळी पुन्हा भरलेली पाहायची होती.

अशा परिस्थितीत मोठे प्राणी एका तळ्यातून दुसऱ्यात नेणं म्हणजे त्यांच्या अंगावरचं सगळं नेणं. त्याऐवजी नुसती अंडी धुऊन, निर्जंतुक करून नेली तर? स्पेनमधल्या लिओन विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या मूळच्या पांढऱ्या नांग्यांच्या क्रेफिशवर आणि सिग्नलवर या दिशेने दीर्घकाळ काम केलं: अंडी कधी तोडायची, कशी ठेवायची, बुरशीला कसं आवरायचं, पाण्याबाहेर ती कितपत तग धरतात.

पाण्याबाहेर अंडं तग धरतं, हे ऐकून पहिल्यांदा आश्चर्य वाटतं. पण वर दिलेला प्राणवायूचा हिशेब आठवला तर उलगडा होतो. अंड्याला पाण्यात बुडून राहण्याची गरज नसते, त्याला ओल लागते. ओल टिकली तर हवेत प्राणवायूची ददात नाही. निसर्गात याचा पुरावा अमेरिकेतल्या लुइझियानात दरवर्षी मिळतो. तिथले शेतकरी उन्हाळ्याच्या सुरुवातीला क्रेफिशची तळी आटवतात. लाल दलदली क्रेफिशच्या माद्या चिखलात बीळ करून आत जातात, तोंड चिखलाने बुजवतात आणि आतल्या दमट काळोखात अंडी घालतात. बिळाच्या तळाशी थोडं पाणी असतं, कधी नुसती ओल. ऑक्टोबरात शेतकरी तळ्यात पुन्हा पाणी सोडतात तेव्हा माद्या पोटाखाली पिल्लं घेऊन बाहेर येतात. तिथे हॅचरी लागतच नाही. भात काढलेल्या शेतात पाणी सोडून हेच पीक घेणारे शेतकरीही तिथे पुष्कळ आहेत. चीनमध्ये आज हीच जात वर्षाला वीस लाख टनांहून जास्त पिकते, तीही बरीचशी भातखाचरांतच.

अंडी साठवायची आणि पाठवायची रीत या तत्त्वावर उभी आहे. अंडी ओलसर कापडाच्या किंवा स्पंजच्या थरांमध्ये, एकावर एक ढीग न करता पसरून ठेवतात. थर्मोकोलच्या पेटीत गारवा राहील अशी व्यवस्था करतात. बर्फ अंड्याला थेट लागू देत नाहीत. पेटीत साचलेलं पाणी मुद्दाम ठेवत नाहीत. बंद डब्यात पाणी भरून अंडी पाठवली तर ती त्या पाण्यातला लिटरमागे जेमतेम आठ मिलिलिटर प्राणवायू संपवून वाटेतच मरतात. ओल्या कापडात ती कित्येक तासांचा, वेळप्रसंगी काही दिवसांचा प्रवास सोसतात. पोहोचल्यावर अंडी एकदम नव्या पाण्यात ओतायची नाहीत. दोन्हींचं तापमान हळूहळू जुळवायचं.

यापेक्षा लांब, महिनोन् महिने साठवणं म्हणजे गोठवणं, आणि ते इथे चालत नाही. माशाचं किंवा बैलाचं वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवता येतं, कारण शुक्रपेशी अतिशय बारीक असते. क्रेफिशचं अंडं तीन मिलिमीटरचं, बलकाने आणि पाण्याने भरलेलं. ते गोठलं की आत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फाडून टाकतात. त्यामुळे हॅचरीवाल्याच्या हाती साठवणुकीचा एकच चांगला मार्ग उरतो: थंड, वाहत्या पाण्यात अंड्याची वाढ मंद ठेवणं.

त्यासाठी मत्स्यशेतीत अंश-दिवसांचा हिशेब वापरतात. पाणी दहा अंशांवर तीस दिवस असलं तर तीनशे अंश-दिवस झाले. पाच अंशांवर तेवढेच भरायला साठ दिवस लागतील. यावरून पिल्लं कधी निघतील याचा अंदाज बांधता येतो, आणि एक ट्रे थंड, दुसरा किंचित कोमट ठेवून पिल्लं टप्प्याटप्प्याने काढता येतात. पण हा हिशेब आंधळेपणाने लावला तर दगा देतो. नोबल क्रेफिशचं अंडं हिवाळा गृहीत धरून बनलेलं आहे. सुरुवातीलाच पाणी गरम करून थंडीचा काळ छाटून टाकला तर अंडी मरण्याचं प्रमाण वाढतं. भिंगाखाली अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागेपर्यंत थांबावं लागतं. हे पिल्लाचे डोळे. त्यानंतर तापमान दिवसाला थोडं थोडं चढवलं तर अंडी ते सोसतात. अंडी आईपासून तोडायलाही हाच काळ बरा. जितकी कोवळी तोडाल तितकं जास्त नुकसान.

तोडायची रीत अशी: एकाने मादी उताणी धरायची, नांग्या आवरायच्या, शेपूट अलगद सरळ करायचं. दुसऱ्याने बारीक चिमट्याने किंवा कात्रीने देठाशी अंडी सोडवायची. अंड्याला पकडायचं नाही, देठाला. ओढाताण झाली तर अंड्याचं कवच फाटतं आणि ते त्याच दिवशी बुरशीचं खाद्य होतं. चिकटून राहिलेल्या अंड्यांचे गुच्छ मोकळे करायचे. मादी अंड्यांविना परत टाकीत जाते आणि सहसा तिला इजा होत नाही. अंडी स्वच्छ पाण्यात धुऊन जाळीच्या ट्रेमध्ये एकच थर होईल अशी पसरतात. जाळी अशी हवी की पाणी खालून वर किंवा आडवं खेळेल, पण अंडी घरंगळणार नाहीत. काही ठिकाणी हे ट्रे सावकाश पुढे-मागे हलवणारी यंत्रणा लावतात. आईच्या वल्ह्यांसारख्या पायांची ही नक्कल. उजेड मंद ठेवतात.

इथपर्यंत यंत्राने जमतं. पुढे माणूस लागतो. रोज एक-एक ट्रे पाहायचा, नारिंगी पडलेलं अंडं चिमट्याने किंवा पिपेटने उचलायचं, तंतू दिसले तर आजूबाजूची अंडीही तपासायची. हे काम महिनाभर न चुकता करणारा माणूस नसेल तर महागडी यंत्रं आणून उपयोग नाही. बुरशीला आवरण्यासाठी ठरावीक दिवसांनी थोडा वेळ फॉर्मॅलिनच्या पातळ द्रावणात अंडी बुडवण्याची पद्धत सर्वांत परिणामकारक ठरली. पण फॉर्मॅलिन हे माणसात कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आहे. हातमोजे, हवा खेळती ठेवणं, वापरलेल्या पाण्याची नीट विल्हेवाट, यात हयगय चालत नाही. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे पर्याय तपासले गेले. रसायनाने निवडण्याचं काम कमी होतं, पण टळत नाही. माझ्या मते या विद्येची खरी कसोटी इथेच आहे.

पिल्लू बाहेर पडल्यावरही आईची उणीव भासते. पहिल्या अवस्थेतलं पिल्लू सेंटिमीटरभरही नसतं. पाठ बलकाने फुगलेली, शेपटीला अजून पंखा फुटलेला नाही, ते खातही नाही आणि धड पोहतही नाही. अंड्याच्या टरफलाशी त्याच्या शेपटीचा एक बारीक धागा जोडलेला असतो, आणि नांग्यांच्या टोकांना आकडे असतात. त्यांनी ते आईच्या पोटाखाली घट्ट लोंबकळतं. आठवडाभराने कात टाकून दुसऱ्या अवस्थेत गेलं की शेपटीला पंखा येतो, मग ते आईला सोडून हिंडू लागतं, घाबरलं तर पुन्हा तिच्या पोटाखाली शिरतं. ट्रेमध्ये त्याला लोंबकळायला काहीच नसतं. प्रवाह जास्त असेल तर पिल्लं एका कोपऱ्यात ढिगाने साचतात आणि गुदमरतात, किंवा बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या जाळीवर चिकटतात. म्हणून पिल्लं निघायच्या सुमाराला पाण्याचा वेग कमी करतात आणि आकडे अडकवता येतील अशी खरबरीत जाळी पुरवतात. दुसऱ्या अवस्थेनंतर त्यांना खायला द्यावंच लागतं. उपाशी राहिली, दाटी झाली, तर कात टाकलेलं मऊ भावंड ती खातात.

अंडी धुऊन नेली की मरी मागे राहील, ही जी आशा होती तिचं काय झालं? अंडी निर्जंतुक केल्याने धोका कमी होतो, यात शंका नाही. पण फिनलंडच्या संशोधकांनी २०१० मध्ये सिग्नल क्रेफिशच्या अंड्यांवर केलेल्या कामाचे प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्यातून दिसलं की आईवेगळी उबवलेली अंडीही ॲफानोमायसीस पिल्लांपर्यंत पोहोचवू शकतात. याचा अर्थ, सिग्नलसारख्या वाहक जातीची अंडी 'स्वच्छ' समजून दुसऱ्या देशात पाठवणं धोक्याचंच. जिथे मूळची, रोगमुक्त जात आहे तिथे मात्र हे तंत्र फार उपयोगी पडतं. ब्रिटनमध्ये पांढऱ्या नांग्यांच्या क्रेफिशसाठी, सिग्नल पोहोचू शकणार नाही अशी एकाकी तळी आणि खाणींतली डबकी राखून ठेवली आहेत, तिथे या जातीची नवी वस्ती बसवतात. अशा ठिकाणी सोडायला पिल्लं हवीत, आणि एकेका मादीच्या शंभर अंड्यांपैकी जास्तीत जास्त जगवायची तर हॅचरी हवी.

धंद्याच्या अंगाने विचारलं तर माझं मत सरळ आहे. लुइझियानातल्या शेतकऱ्याला अंडी तोडायची गरज नाही, बीळ ते काम करतं. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये, लाल नांग्यांच्या रेडक्लॉची अंडी कोमट पाण्यात सहा आठवड्यांच्या आसपास उबतात. तिथे अंडी काढून हॅचरीत उबवणं आणि शेतकऱ्यांना एकाच वयाची पिल्लं विकणं परवडतं, कारण दिवस कमी लागतात आणि पिल्लं एका आकाराची मिळतात. उत्तर युरोपातल्या सात महिन्यांच्या अंड्यासाठी मात्र हे तंत्र मुख्यतः संवर्धनाचं आहे. एखादी जात नामशेष होण्यापासून वाचवण्यासाठी रोज चिमटा घेऊन ट्रेपाशी बसणारी माणसं तिथे आहेत, आणि त्यांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे.

आपल्याकडे क्रेफिशची शेती नाही, पण क्रेफिश आहेत. मुंबई-पुण्यातल्या ॲक्वेरियमच्या दुकानांत निळे, लाल, पांढरे क्रेफिश विकायला असतात आणि घरच्या काचेच्या टाकीत पोटाखाली अंडी घेतलेली मादी पाहून मुलं हरखून जातात. ती पाहावीच. पण यातल्या एका जातीबद्दल माहिती हवी. संगमरवरी क्रेफिश १९९० च्या दशकात जर्मनीतल्या ॲक्वेरियमच्या व्यापारात पहिल्यांदा लक्षात आला. त्यात नर नसतोच. प्रत्येक मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यातून निघणारी सगळी पिल्लं तिच्याच प्रती असतात. ॲक्वेरियममधून निसटलेला हा प्राणी युरोपातल्या तळ्यांत पसरला आणि मादागास्करच्या भातखाचरांत तर त्याने ठाण मांडलं. एक मादी पाण्यात पडली तरी वस्ती उभी राहते. शिवाय ॲफानोमायसीस हा जंतू क्रेफिशपुरता मर्यादित राहिलेला नाही. परदेशात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवरही तो सापडला आहे. आपल्या सह्याद्रीत गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या कितीतरी जाती आहेत, त्यातल्या काही एखाद्या-दुसऱ्या डोंगररांगेपुरत्याच.

म्हणून घरी क्रेफिश पाळणाऱ्यांना एवढीच विनंती. कंटाळा आला, पिल्लं फार झाली, टाकी काढून टाकायची ठरली, तरी क्रेफिश नदीत, तलावात, विहिरीत किंवा भातखाचरात सोडू नका. टाकीतलं पाणी आणि पाणवनस्पतीही तिथे ओतू नका. जाळी आणि भांडी पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात घालू नका. क्रेफिश दुकानदाराला परत द्या किंवा पाळणाऱ्या दुसऱ्या माणसाला द्या, आणि त्यालाही हे सांगा.